जुन्या खेळांत बटण दाबल्यानंतर काय होत असे?

जुना गडी (धागाकर्ता)

जुना संगणक भंगारवाल्याला देण्यापूर्वी त्यातील हार्ड डिस्क काढून ठेवली होती. ती गेल्या महिन्यात जोडून पाहिली, तर लग्नाच्या फोटोंशेजारी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा फोल्डर जसाच्या तसा सापडला. मोठ्या उत्साहाने बारा वर्षांच्या मुलीला खेळायला बसवले. पहिल्याच मजल्यावर तीनदा खड्ड्यात पडल्यावर ती म्हणाली, “बाबा, मी बटण दाबतेय, पण हा ऐकतच नाही.”

तिची तक्रार अगदी रास्त होती. हा राजपुत्र खरोखरच लगेच ऐकत नाही. उभ्या जागेवरून पळायला लागला की आधी दोन पावले वेग घेण्यात जातात, थांबायचे म्हटले तर घसरत थांबतो, आणि कड्याच्या टोकाशी पोहोचल्यावर उडीचे बटण दाबले तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. जॉर्डन मेकनरने १९८९ साली अॅपल टू संगणकासाठी हा खेळ केला. त्यापूर्वी त्याने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, भिंतीला लटकायला लावले, त्याचे व्हिडिओ चित्रण केले आणि एकेक चित्र गिरवून राजपुत्राच्या हालचाली तयार केल्या. हालचाल खऱ्या माणसाची घेतली म्हणजे तिला लागणारा वेळही खऱ्या माणसाचाच घ्यावा लागतो. सुरू झालेले पाऊल पुरे होईपर्यंत पुढची आज्ञा अमलात येत नाही, म्हणून या खेळात बटण दाबायचे ते पायाखाली आत्ता काय आहे हे पाहून नव्हे, तर पुढच्या पावलाला काय असेल हे ओळखून.

यावर उतारा म्हणून शिफ्टचे बटण होते. ते दाबून बाणाचे बटण दाबले की राजपुत्र एकच सावध पाऊल टाकतो आणि कड्याशी आल्यावर पडण्याऐवजी तिथेच थांबतो. मुलीला मी हे दाखवले, तेव्हा तिचा राग थोडा निवळला. जमिनीतून वर येणाऱ्या भाल्यांमधूनही या सावध पावलांनी सुखरूप जाता येते, हे तिने स्वतःच शोधून काढले. मला त्या वयात त्यासाठी आठवडा लागला होता.

याच्या बरोबर उलट टोकाला ‘काँट्रा’ हा गोळीबाराचा खेळ आहे. तिथला सैनिक हवेत गरगर फिरत असतानाही दिशा बदलतो, आठही दिशांना गोळ्या झाडतो, आणि बोट हलले की तोही हलतो. खऱ्या माणसाला हवेत मागे वळता येत नाही, हा विचार तिथे कोणी केलेला नाही आणि करण्याची गरजही नव्हती.

तिसरा प्रकार या दोहोंच्या मधला असून त्याचा छडा मला आजवर लागलेला नाही. महाविद्यालयाच्या वसतिगृहात आम्ही ‘क्रिकेट ०७’ एकाच कीबोर्डवर दोघे मिळून खेळत असू. माझा खोलीमित्र गोलंदाजी करत असताना कधी कधी माझा फटका सुटतच नसे. चुकीचा फटका बसला, वेळ चुकली, हे समजण्यासारखे आहे. पण बटण दाबूनही फलंदाज पुतळ्यासारखा उभा आणि यष्ट्या विखुरलेल्या, असे होत असे. संगणकाविरुद्ध खेळताना मात्र हे कधीच झाले नाही. तो म्हणे, “तुझं टायमिंग चुकतंय.” मी तीन वर्षे ते मान्य केले.

तर प्रश्न असा आहे, की जुन्या खेळांत, विशेषतः क्रीडा आणि मारधाडीच्या खेळांत, बटण दाबणे आणि पडद्यावर काही घडणे यांच्या मध्ये काय काय येत असे? चित्रे किती साधी होती, एका रुपयात किती मजा येत असे, यावर इथे पुष्कळ धागे आहेत. हा धागा कृपया खेळाच्या रचनेपुरताच ठेवावा.

---

मधली सुट्टी

आमच्या शाळेच्या संगणक प्रयोगशाळेत हाच खेळ होता आणि सरांची पाठ वळली की तो सुरू होत असे. आपण पहिल्या मजल्याचे वर्णन केले आहे. आमची गाडी त्याच्या पुढच्याच खोलीत अडत असे. तिथे अनेक बाटल्या मांडलेल्या असत, प्रत्येकीवर एक रोमन अक्षर असे, आणि पुस्तिकेच्या अमुक पानावरील अमुक ओळीतल्या अमुक शब्दाचे पहिले अक्षर ज्या बाटलीवर आहे ती प्यावी, अशी सूचना येत असे. ही नकलेला आळा घालण्याची युक्ती होती, हे पुष्कळ उशिरा कळले. आमच्याकडे होती फ्लॉपीवरून उतरवलेली फ्लॉपी. पुस्तिका कुणी पाहिली होती! आम्ही तो खेळाचाच एक भाग मानत असू आणि कोणत्या अक्षराने काम झाले याची नोंद वहीच्या मागच्या पानावर ठेवत असू. पुढे एका मोठ्या मुलाने खेळ सुरू करताना ‘प्रिन्स’च्या पुढे ‘मेगाहिट’ असा चोरवाटा उघडणारा शब्द टाइप करायचा असतो हे सांगितले आणि आमच्या सचोटीचा तिथेच शेवट झाला.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मला चौथ्या मजल्यावरचा आरसा महत्त्वाचा वाटतो. आरशातून उडी मारली की राजपुत्राची छाया दुसऱ्या बाजूने बाहेर पडते आणि त्याची बहुतेक सगळी शक्ती निघून जाते. ती छाया पाचव्या मजल्यावर आपल्यासमोर शक्तीची बाटली पिऊन टाकते, सहाव्यावर ऐन वेळी दार बंद करून आपल्याला खाली पाडते, आणि बाराव्या मजल्यावर तलवार घेऊन उभी राहते. तिला मारलेला प्रत्येक वार आपल्यालाच लागतो. तिथे करायचे असते ते एकच, खाली जाणारा बाण दाबून तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्या अंगावर चालत जायचे. अकरा मजले ज्या बटणाने जीव वाचवला, त्याला बाराव्या मजल्यावर हातच लावायचा नाही, हे सुचायला आम्हाला एक पूर्ण सत्र लागले. त्यात साठ मिनिटांची मर्यादा होतीच, आणि ती खेळाच्या नव्हे तर भिंतीवरच्या घड्याळाच्या मिनिटांची होती.

---

तर्कटी

लेख आवडला, एका गृहीतकाविषयी मात्र शंका आहे. ही सगळी वैशिष्ट्ये कुणीतरी बसून विचारपूर्वक योजली, असा सूर आपल्या आणि ‘मधली सुट्टी’ यांच्या लिखाणात आहे. त्यांतली निम्मी अपघाताने घडलेली आहेत.

छायेचेच उदाहरण घ्या. अॅपल टू यंत्राची स्मृती इतकी तुटपुंजी होती, की राजपुत्राच्या हालचालींनीच ती भरून गेली आणि दुसऱ्या पात्राच्या चित्रांसाठी जागाच उरली नाही. तेव्हा मेकनरने राजपुत्राचीच चित्रे घेतली, ती किंचित सरकवून स्वतःवरच उलटसुलट करून चढवली, आणि त्यातून ती चमचमती काळी आकृती निघाली. नवे चित्र एकही काढावे लागले नाही. जे आपल्याला गूढ वाटले, ते मुळात जागेच्या टंचाईतून आले.

‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्येही हेच झाले. तोमोहिरो निशिकादो याने १९७८ साली केलेल्या त्या खेळात शत्रू कमी होत जातात तसे उरलेले अधिक वेगाने येतात. पडद्यावर कमी आकृत्या काढाव्या लागल्या की यंत्राचे काम हलके होत असे आणि त्यांची हालचाल आपोआप जलद होत असे. निर्मात्याने ते तसेच ठेवले. पुढच्या अनेक खेळांत, शेवटाकडे वेग वाढत जाणे हा जणू नियम होऊन बसला.

आणि मारामारीच्या खेळांतील जोडफटके? ‘स्ट्रीट फायटर टू’ १९९१ साली आला. त्यात एका फटक्याची हालचाल पुरी होण्याआधीच दुसरा फटका घुसवता येतो, हे तो खेळ करणाऱ्या कॅपकॉम कंपनीतील नोरिताका फुनामिझू यांच्या लक्षात आले ते मोटार फोडण्याच्या बोनस फेरीची तपासणी करताना. ते इतके अवघड आहे की फारसे कुणाला जमणार नाही, असे समजून तो दोष दुरुस्त न करता ठेवण्यात आला. आज जोडफटके नसलेला मारामारीचा खेळ कुणी विकत घेणार नाही.

म्हणून मी बटण आणि परिणाम यांमधल्या त्या जागेला ‘रचना’ म्हणायला कचरतो. ती पुष्कळदा यंत्राची धाप आहे.

---

जुना गडी

तर्कटी, धाप हा शब्द चपखल आहे. पण अपघात तर प्रत्येकाच्या यंत्रात होत होते; त्यांपैकी कोणता ठेवायचा आणि कोणता काढायचा हे कुणीतरी ठरवलेच ना? निशिकादोने ठेवला, फुनामिझूने ठेवला. माझ्या मते निवड हीसुद्धा रचनाच.

---

एक्स्ट्रा कव्हर

‘क्रिकेट ०७’चे नाव निघाले आहे, तेव्हा मला राहवत नाही. हा खेळ ईए स्पोर्ट्सने २००६ च्या अखेरीस आणला, तो कॅनडातील एचबी स्टुडिओजने तयार केला होता, वेष्टनावर इंग्लंडचा फ्लिंटॉफ होता आणि समालोचन रिची बेनो आणि मार्क निकोलस यांचे होते. भारतीय खेळाडूंची नावे खरी नव्हती, म्हणून पोरांनी स्वतः पॅच करून ती बसवली, आणि पुढे वर्षानुवर्षे आयपीएलचे नवे संघही त्याच जुन्या सांगाड्यावर चढवले गेले. पण हे सर्वांना ठाऊक आहे. मला बोलायचे आहे ते त्या खेळपट्टीवरच्या ठिपक्याविषयी.

गोलंदाज धावत येऊ लागला की चेंडू कुठे टप्पा घेणार हे दाखवणारा ठिपका खेळपट्टीवर दिसतो आणि तो गोलंदाजाइतकाच फलंदाजालाही दिसतो. खऱ्या क्रिकेटमध्ये फलंदाज गोलंदाजाचे मनगट पाहतो, चेंडू हातातून सुटताना पाहतो आणि त्यावरून अंदाज बांधतो. इथे अंदाजाची गरजच उरत नाही. ठिपका आखूड दिसला की मागे जायचे, पुढे दिसला की ड्राइव्ह. म्हणजे फलंदाजी हे ओळखण्याचे काम न राहता घड्याळाचे काम होते. संगणकाविरुद्ध पन्नास षटकांत चारशे धावा आम्ही सहज काढत असू, त्याचे कारण हेच होते.

मात्र समोर माणूस बसला की तोच ठिपका शस्त्र होतो. माझा चुलतभाऊ तो ठिपका शांतपणे ऑफ यष्टीच्या बाहेर ठेवी, मी कव्हरच्या दिशेचा बाण दाबून तयार होई, आणि पाय क्रीजवर पडण्याच्या क्षणी तो ठिपका झर्रकन लेग यष्टीवर ओढून नेई. बोट आधीच खाली गेलेले असे. त्याची हातचलाखी वाचायची तर पडद्याकडे नव्हे, शेजारी त्याच्या बोटांकडे पाहावे लागे. म्हणजे फिरून आम्ही गोलंदाजाचा हातच पाहायला लागलो होतो!

याच खेळात ‘सेंच्युरी स्टिक’ नावाची सोय होती, ज्यात गेमपॅडच्या काठ्यांनी पदलालित्य आणि फटक्याची दिशा ठरवता येत असे. आपल्याकडे बहुतेकांनी हा खेळ कीबोर्डवरच खेळला, त्यामुळे ज्या गोष्टीची जाहिरात झाली ती आपण पाहिलीच नाही. बटणाला दोनच स्थिती असतात, दाबलेले किंवा न दाबलेले. काठी मात्र अर्धी, पाऊण कलते. कीबोर्डवर हलका प्लेस केलेला फटका आणि कचकावून मारलेला फटका यांत बोटाला काही फरक जाणवतच नाही. पुढे २०१४ साली ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४’ आला, त्यात ठिपका काढूनच टाकला होता आणि दोन काठ्यांनी फलंदाजी करावी लागे. पहिल्या दिवशी मी ऑस्ट्रेलियाविरुद्ध सर्वबाद अठरा झालो. खेळ म्हणून तो अधिक खरा होता, यात वाद नाही. तरीही आमच्या घरात दिवाळीला सगळे जमले की लागतो तो ‘०७’च.

---

लेस्टरकर

मी लहानपणापासून इंग्लंडात आहे, त्यामुळे माझ्याकडे कीबोर्डाऐवजी अमिगा संगणक आणि एकच बटण असलेली जॉयस्टिक होती. त्या एका बटणात फुटबॉल कसा मावला, हे या धाग्यावर यायलाच हवे.

डिनो डिनीचा ‘किक ऑफ’ १९८९ चा. त्याआधीच्या बहुतेक फुटबॉल खेळांत चेंडू खेळाडूच्या पायाला जणू डिंकाने चिकटलेला असे. डिनीने तो डिंक काढला. चेंडू पुढे ढकलला जातो, आपण त्याच्या मागे धावतो, आणि एकदम वळायचा प्रयत्न केला तर चेंडू सरळ जातो आणि आपण वळतो. सुरुवातीचे दोन आठवडे मी फक्त चेंडू हरवत होतो.

१९९२ च्या ‘सेन्सिबल सॉकर’मध्ये आणखी एक गोष्ट होती आणि तिच्यामुळेच तो खेळ माझ्या मनातून जात नाही. खेळाडू मुंगीएवढे, मैदान वरून पाहिल्यासारखे दिसणारे. चेंडू लाथाडल्यानंतर अगदी थोडा वेळ जॉयस्टिक वळवली तर हवेतला चेंडूही वळतो. त्याला ‘आफ्टरटच’ म्हणत. म्हणजे धागाकर्त्यांच्या प्रश्नाचे इथे उलटेच उत्तर मिळते. इथे बटण दाबले की गोष्ट संपत नाही, सुरू होते. पाय चेंडूपासून सुटला तरी मनगट सुटत नाही. लांबून मारलेला फटका गोलरक्षकाच्या डावीकडून निघून उजव्या कोपऱ्यात शिरे, तेव्हा आम्ही सगळे खुर्चीवर बसल्याबसल्या कमरेतून वाकलेले असू. निसर्गनियमाशी याचा काडीचा संबंध नाही, आणि तरी फुटबॉल खेळल्याची जी भावना त्यात येते ती पुढच्या देखण्या खेळांत मला क्वचितच आली.

जाता जाता एक गंमत सांगतो. १९९३ च्या पहिल्या ‘फिफा’त पंच कार्ड दाखवायला आपल्या खेळाडूकडे येऊ लागला की आपण पळ काढू शकत असू आणि पंच मागे मागे धावत असे. हा दोष की वैशिष्ट्य, ते तर्कटींनी ठरवावे.

---

तर्कटी

वैशिष्ट्य, निःसंशय! वास्तवाच्या अगदी जवळचे.

---

उजवी बगल

फुटबॉलवरून ‘प्रो इव्होल्यूशन सॉकर’मधल्या एका बटणजोडीची आठवण करून देतो, कारण या धाग्याच्या प्रश्नाचे इतके थेट उत्तर दुसरे नसेल. सहकाऱ्याने पास दिला की तो घेणारा खेळाडू आपोआप चेंडूच्या रेषेत धावू लागतो; तिथे आपली काठी चालत नाही, यंत्रच त्याला पळवते. नव्वद टक्के वेळा हे सोयीचे असते. पण समजा पास आखूड आहे आणि मधे बचावपटू येतो आहे, किंवा चेंडू बाहेर जाऊ दिला तर आपल्यालाच थ्रो मिळणार आहे, अशा वेळी गेमपॅडच्या उजव्या खांद्यावरची दोन्ही बटणे एकदम दाबायची. यंत्र आपला हात काढून घेते आणि खेळाडू पुरता आपल्या ताब्यात येतो. याला ‘सुपर कॅन्सल’ म्हणतात.

हे बटण माहीत असलेले आणि नसलेले, असे आमच्या गटात सरळ दोन वर्ग होते. याच मालिकेतल्या ‘पेस ६’मध्ये ब्राझीलच्या आद्रियानोचा डावा पाय सगळेच वापरत, त्यात कौशल्य काही नव्हते. खरी मजा होती ती चेंडूकडे धावणाऱ्या खेळाडूला अडवून, बचावपटूला अंगावर घेऊन, चेंडू मुद्दाम पुढे सोडून देण्यात. प्रेक्षकांत बसलेल्याला वाटे की याच्या हातून पास सुटला.

---

कट्ट्यावरचा

सगळे संगणकावर आणि गेमपॅडवर बोलत आहेत. आमचे शिक्षण मात्र व्हिडिओ गेम पार्लरमध्ये झाले आणि तिथे एकच खेळ होता असे म्हटले तरी चालेल. कॅपकॉमच्या १९९३ च्या त्या खेळाचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ असल्याचे आम्हाला कितीतरी वर्षांनी कळले. आमच्यासाठी तो ‘मुस्तफा’ होता. चार पात्रांपैकी मुस्तफा कैरो हा पिवळी टोपीवाला सर्वांत चपळ, म्हणून त्याच्यासाठी भांडणे होत. एका मशिनवर तिघे खेळू शकत, त्यामुळे तिसऱ्याच्या वाट्याला मेस नावाचा धिप्पाड गडी येई आणि तो रुसून बसे.

बटणे दोनच, मारण्याचे आणि उडीचे. दोन्ही एकदम दाबली की पात्र स्वतःभोवती गरकन फिरून सभोवतालच्या सगळ्यांना उडवते, पण त्यात स्वतःची थोडी शक्ती खर्च होते. हा सौदा मला आजही फार हुशारीचा वाटतो. चारी बाजूंनी वेढले गेल्यावर सुटका आहे, पण ती फुकट नाही. खिशात एकच रुपया असणारा मुलगा ही दोन बटणे शेवटच्या क्षणापर्यंत दाबत नसे. ज्याच्या खिशात पाच रुपये असत तो सारखी दाबत सुटे. कोण किती श्रीमंत आहे, ते त्याच्या मुस्तफाकडे पाहून कळत असे.

आता बटण आणि परिणाम यांच्यामध्ये काय येते, याचे आमच्या पार्लरमधले उत्तर होते ‘मालक’. अशा मशिनमध्ये आतल्या मांडणीतून काठिण्यपातळी आणि जीव किती द्यायचे हे बदलण्याची सोय मालकाला असते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. दर मे महिन्यात तोच खेळ अचानक अवघड होई. टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या ज्या बॉसला आम्ही डोळे मिटून मारत असू, तो दोन फटक्यांत आमचा निकाल लावी. सुट्टीने आपला हात बिघडला, अशी आमची समजूत. एके दिवशी मालक मागचे दार उघडून काहीतरी करत असताना पडद्यावर इंग्रजी यादी आलेली मी पाहिली आणि सगळा उलगडा झाला. मी विचारले तर म्हणाला, “सुट्टीत गर्दी असते रे, लवकर मरायला नको का?”

मोटारसायकलच्या शर्यतीच्या ‘रोड रॅश’विषयीही दोन ओळी लिहितो. शेजारच्याने साखळी किंवा दंडुका उगारला की नेमक्या त्या क्षणी ठोसा मारायचा. जमले तर त्याचे हत्यार आपल्या हातात येते. क्षणभर आधी मारले तर नुसता ठोसा, क्षणभर उशीर झाला तर आपण रस्त्यावर आणि मग गाड्या चुकवत धावत जाऊन आपली मोटारसायकल उचलायची.

---

एडिसनकर

कट्ट्यावरचा यांच्या मालकाला अमेरिकेत एक जोडीदार आहे, आणि तो तर खेळाच्या आत बसला होता.

मिडवे कंपनीचा ‘एनबीए जॅम’ हा बास्केटबॉलचा खेळ १९९३ साली पार्लरांत आला. दोघांविरुद्ध दोघे, फाऊल जवळजवळ नाहीतच, उड्या घराच्या छपराएवढ्या. एकाच खेळाडूने लागोपाठ तीन बास्केट केल्या की समालोचक ओरडतो, चेंडूला आग लागते, आणि मग काही काळ त्याचे फटके सहसा चुकत नाहीत. हे उघड वैशिष्ट्य झाले. छुपे वैशिष्ट्य असे, की मागे पडलेल्या संघाला यंत्र गुपचूप मदत करते, पुढे असलेल्याचे फटके थोडे बिघडवते, म्हणजे सामना शेवटच्या क्षणापर्यंत रंगतो आणि लोक आणखी नाणी टाकतात. शर्यतींच्या खेळांतही हे सर्रास असते.

पण खेळाचा मुख्य रचनाकार मार्क टर्मेल हा डेट्रॉइट पिस्टन्सचा चाहता. त्या काळी शिकागो बुल्सचा दबदबा होता. टर्मेलने खेळात अशी ओळ घातली, की बुल्स आणि पिस्टन्स यांचा सामना अटीतटीचा झाला तर शेवटच्या क्षणी बुल्सने टाकलेला चेंडू आत जाणार नाही. त्याने हे पुढे स्वतःच कबूल केले. शिकागोतल्या कितीतरी मुलांनी त्या वेळी आपल्या बोटांना दोष दिला असेल.

तर्कटींना विचारावेसे वाटते, की ही यंत्राची धाप नक्कीच नव्हे. मग हिला काय म्हणणार?

---

तर्कटी

पक्षपात. आणि हो, रचना. इतपत माघार घेतो.

---

रात्रपाळी

मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस आहे, म्हणून सर्वांनी वगळलेल्या दोन गोष्टी मांडतो. त्यांतली दुसरी धागाकर्त्यांनी नीट वाचावी.

पहिली गोष्ट ‘काँट्रा’ची. अमेरिकेतील आणि जपानमधील टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र नव्याने काढत, आपले ५० वेळा. त्या काळच्या खेळांत प्रत्येक चित्रामागे एक पाऊल असा हिशेब असे. टीव्हीला जोडायच्या ज्या नकली खेळयंत्रांत आपल्याकडे ५० ची मांडणी होती, त्यांवर तोच खेळ सुमारे सहाव्या हिश्श्याने मंद चालत असे, आणि त्याचे संगीतही मंद होई. लहानपणी सहज पार केलेला धबधब्याचा टप्पा आज एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, जमत नाही, अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. वय हे एक कारण असेलच, पण एम्युलेटर ६० वर चालतो हेही विसरू नये. त्यात नवे सपाट पडदे येणारे चित्र थोडा वेळ स्वतःजवळ धरून मग दाखवतात. जुन्या काचेच्या टीव्हीत ही दिरंगाई जवळपास नव्हती. बोट वेळेवर पडते, चित्र उशिरा येते.

दुसरी गोष्ट धागाकर्त्यांच्या न सुटलेल्या फटक्याची. साध्या कीबोर्डात प्रत्येक बटणाला वेगळी तार नसते. बटणे आडव्या आणि उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेली असतात आणि कोणती आडवी तार कोणत्या उभीला जुळली यावरून आत बसलेली चिप बटण ओळखते. एका वेळी दोन बटणे ठीक असतात. पण एखाद्या चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची तीन बटणे एकदम दाबली गेली, की चौथा कोपराही जुळल्यासारखा भासतो. चिपला खरे-खोटे ठरवता येत नाही, म्हणून ती नंतर आलेले बटण सरळ सोडून देते. टाइप करताना याचा त्रास होत नाही. एका कीबोर्डावर दोघे खेळू लागले की हमखास होतो. आपला मित्र गोलंदाजी करताना ठिपका तिरका सरकवण्यासाठी दोन बटणे दाबून ठेवत असणार. त्याच वेळी आपले फटक्याचे बटण त्या चौकोनात आले, तर संगणकापर्यंत ते पोहोचतच नाही. संगणकाविरुद्ध असे होत नसे, कारण संगणकाला बोटे नसतात.

थोडक्यात, आपले टायमिंग बरोबर होते.

---

एक्स्ट्रा कव्हर

माझ्या चुलतभावाला हा प्रतिसाद दाखवायचा की नाही, या विचारात आहे.

---

जुना गडी

रात्रपाळी, आपला प्रतिसाद वाचून मी लगेच खात्री करून पाहिली. त्या डिस्कबरोबर जुना कीबोर्डही माळ्यावर ठेवलेला होता. नोटपॅड उघडून दोन बाण दाबून धरले आणि एकेक अक्षर टाइप करत गेलो. काही अक्षरे उमटली, काही उमटलीच नाहीत. आणि न उमटणाऱ्यांत मी ज्या बटणाने फटका मारत असे ते होते.

तो खोलीमित्र सध्या नाशिकला असतो. काल रात्री त्याला फोन केला आणि सगळा प्रकार सांगितला. जाळी, चौकोन, तिसरे बटण, सगळे त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, “एवढं सगळं नव्हतं बाबा माहीत. फक्त डावा आणि वरचा बाण दाबून धरला की तू बोल्ड होतोस, एवढं दुसऱ्या सेमिस्टरला कळलं होतं.”